उसन्या गोळ्यांवरचं पासिंग

३ फेब्रुवारी

चि. ठिणगीस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

फोन केला असता, पण फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी मनानेच लावतो. जन्मभर गॅरेजमध्ये पत्रे ठोकून कान गेले, लिहिता हात तेवढा शाबूत आहे. डाव्याचं मात्र रडगाणं आहे, तेच सांगायला बसलोय.

गेल्या महिन्यात गिअरबॉक्स उतरवताना एकट्यानेच हात घातला आणि खांद्यात काहीतरी कटकन तुटलं. स्नायूची दोरी तुटलीय म्हणाले. हात कानाच्या वर जात नाही. गाडीखाली झोपून वरचा नट सोडवायचा तर कुणाला तरी हाका माराव्या लागतात. ज्या मिस्त्रीचा हात वर जात नाही त्याने गॅरेजला कुलूप लावावं आणि घरी बसून बायकोची बोलणी खावीत. तुझी मामी त्या कामाला एका पायावर तयार आहे.

तर काल ऑपरेशन ठरलं होतं. उपाशीपोटी या म्हणाले म्हणून मी सकाळची प्रेशरची गोळीही घेतली नाही, म्हटलं नियम म्हणजे नियम. टेबलावर आडवा झालो, दंडाला पट्टा बांधला. भूल देणाऱ्या डॉक्टरबाई तुझ्याहूनही लहान. त्यांनी आकडा बघितला, थांबल्या, गप्पा मारल्या, पुन्हा बघितला. वरचं एकशे शहाण्णव, खालचं एकशे चौदा. आणि म्हणाल्या, आज नाही. सर्जन हात धुऊन तयार, मी कपडे बदलून तयार, आणि बाई म्हणतात आज नाही. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात ते हेच.

तूही भूल देणारी डॉक्टर आहेस म्हणून विचारतो. तुम्हा लोकांचं काम सुई टोचून माणसाला झोपवायचं. झोपलेल्या माणसाचं प्रेशर कशाला बघत बसायचं? झोपलो की आपोआप उतरलं असतं की. त्या बाईंना तू दोन शब्द सांग. मला तर वाटतं नवीन आहेत, घाबरल्या असतील.

तुझा
मामा


१० फेब्रुवारी

ती. मामांना,
साष्टांग नमस्कार.

पत्र वाचून आधी हसले, मग आकडे पुन्हा वाचले आणि हसू गेलं. मामा, त्या बाई घाबरल्या नव्हत्या. सर्जन तयार उभा असताना "आज नाही" म्हणायला केवढं धाडस लागतं ते मला विचारा. मला पहिल्या वर्षी ते जमलं नव्हतं. त्यांना दोन शब्द सांगायचेच झाले तर शाबासकीचे सांगेन.

तुम्ही लिहिलंत की झोपलो की आपोआप उतरलं असतं. अहो, तीच तर भीती असते. भूल दिली की अंगातल्या रक्तवाहिन्या सैल पडतात आणि दाब खाली येतो. तुमच्यासारख्या जुन्या प्रेशरवाल्याचा तर धाडकन येतो. मधेच श्वासनळीत नळी घालताना तोच दाब उसळी मारतो. म्हणजे पाचच मिनिटांत घाटाचा चढ आणि लगेच उतार. आधीच एकशे शहाण्णववर असलेली गाडी मी त्या घाटात घालणार नाही, आणि तुम्हीही घालणार नाही.

आणि सुई टोचून आम्ही चहा प्यायला जात नाही हो. माणूस झोपल्यापासून जागा होईपर्यंत मी त्याच्या डोक्याशी असते. पडद्यावर नजर, नाडीवर हात, दाब चढला की एक औषध, पडला की दुसरं. सर्जनचं काम खांद्याशी असतं. बाकीचा अख्खा माणूस माझ्याकडे असतो.

एक चूक तुमच्याकडून झाली, पण ती सगळेच करतात. उपाशी म्हणजे प्रेशरची गोळीसुद्धा नाही, असं नसतं. कुठली गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची आणि कुठली त्या दिवशी टाळायची ते डॉक्टरांना विचारायचं. पण मला खरी शंका वेगळीच आहे. सकाळची एक गोळी चुकल्याने एवढा आकडा होत नाही. तुम्ही रोजच्या गोळ्या घेता का? मामी समोर नसताना सांगा.

आता नेमाने घ्या आणि मीठ कमी करा. हात वर जायला हवा हे मला कळतं. शाळेत असताना तुमच्या त्याच हाताला लोंबकळत मी गाडीच्या टपावर चढायचे. पण हाताच्या घाईत बाकीचा मामा मला गमवायचा नाही.

तुमची
ठिणगी


२८ फेब्रुवारी

चि. ठिणगीस आशीर्वाद.

पास. एकदम पास.

परवा पुन्हा तपासणीला गेलो. त्याच बाई, तोच पट्टा. वरचं एकशे अठरा, खालचं सत्तर. बाईंनी दोनदा बघितलं आणि म्हणाल्या, छान सुधारणा आहे. पुढच्या महिन्यात बारा तारखेला ऑपरेशन. सर्जनने पाठीवर थाप मारली. चुकून डाव्या बाजूला मारली, पण आनंदाच्या भरात तीही सोसली.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: गोळ्या मी घेतो, आठवण होईल तेव्हा. रोज घेतल्या की डोकं जड होतं आणि गाडीखालून उठताना अंधारी येते. शिवाय मला काही होत नसतं. ज्याला काही होत नाही त्याने औषध का घ्यावं, हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही.

मग एवढं पास कसं झालं म्हणशील. तुला म्हणून सांगतो, मामीला बोलू नकोस. जुन्या गाडीचं पासिंग असलं की आम्ही काय करतो ते तू लहानपणी पाहिलंयस. गुळगुळीत टायर उतरवायचे, शेजाऱ्याचे नवे दोन दिवसांपुरते उसने आणून चढवायचे, तपासणीवाला खूश, शिक्का पडला की शेजाऱ्याचे टायर शेजाऱ्याला परत. सगळेच करतात. तर शेजारचा पंक्चरवालाही प्रेशरवालाच आहे. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी आणि त्या सकाळी माझ्या दुप्पट घेतल्या, वर त्याच्याही दोन. येताना बसमधून उतरताना पाय लटपटले आणि खांबाला धरून जरा बसलो, तेवढंच. घरी येऊन झोपलो तो जेवायलाच उठलो.

बारा तारखेलाही असंच करणार. मग काय, हात मोकळा.

तुझा आनंदी
मामा


४ मार्च, कुरिअरने

ती. मामा,

तुमचं पत्र दुपारी मिळालं. पहिलं काम मी मामीला फोन केला आणि सगळं सांगून टाकलं. रागवा. खुशाल रागवा, पण हे शेवटपर्यंत वाचा. फोनवर तुम्ही "ऐकू येत नाही" म्हणून आलाच नाहीत, म्हणून लिहितेय.

दुसऱ्याच्या गोळ्यांनी त्या दिवशी तुम्ही बसखाली पडला असता, ते राहू दे. मला धडकी भरली ती त्या एकशे अठरा आकड्याने. तुम्हाला वाटतं तो आकडा म्हणजे शिक्का. तसं नाही. भूल देणारा त्या आकड्यावरून ठरवतो की या माणसाचा दाब कितीच्या खाली जाऊ द्यायचा नाही. तुमचं शरीर वर्षानुवर्षं चढ्या दाबावर चाललंय. तुमच्या मेंदूला तेवढ्याची सवय आहे. दुसऱ्याला पुरतं तेवढं तुम्हाला पुरणार नाही.

आणि हे खांद्याचं ऑपरेशन आहे. यात भूल दिलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत, आरामखुर्चीत बसवावं तसं बसवतात. डोकं वर, हृदय खाली. दंडावरच्या पट्ट्यात जेवढा दाब दिसतो तेवढा डोक्यापर्यंत पोचत नाही. त्यात दुर्बिणीतून स्वच्छ दिसावं म्हणून सर्जन म्हणणार, दाब अजून थोडा उतरवा. एकशे अठरावाला माणूस समजून त्या बाई उतरवतील. त्यांचं काही चुकणार नाही. आणि तुम्ही जागे व्हाल तेव्हा खांदा शिवलेला असेल, पण कदाचित अर्धं अंग हलणार नाही. किंवा तुम्ही मला ओळखणार नाही.

मला तुमचा खरा आकडा हवाय. तो दीडशे असो, एकशे साठ असो, मला चालेल. चांगला भूलतज्ज्ञ वाईट आकड्याला घाबरत नाही, खोट्या आकड्याला घाबरतो.

तुम्ही स्वतः जाऊन त्यांना सांगा. शनिवारपर्यंत सांगितलं नाहीत तर मी त्यांना फोन करणार आहे. तुमची भाची म्हणून नाही, त्यांची सहकारी म्हणून.

ठिणगी


२६ मार्च

प्रिय ठिणगी,
आशीर्वाद.

मी लिहितेय म्हणून घाबरू नकोस. तुझे मामा आत आहेत, मी बाहेर बाकावर आहे, आणि हाताला काही काम नसलं की मला भलतेसलते विचार येतात. म्हणून कागद घेतला.

तुझा फोन आला त्या दिवशी आमच्या घरी जे झालं ते पंक्चरवाल्यालाही ऐकू गेलं. त्याला मी वेगळं झापलं. हा तुझा मामा, गिऱ्हाइकाच्या गाडीला दुसऱ्या गाडीचा वायसर लावत नाही, आणि स्वतःच्या पोटात दुसऱ्याच्या गोळ्या घालतो. मी तसं म्हटलं तर उठून गॅरेजमध्ये गेला आणि एका गाडीखाली जाऊन झोपला. काम काही करत नव्हता, नुसता पडून होता. जेवायलाही आला नाही.

मग तुझं कुरिअर आलं. ते त्याने उभ्याने वाचलं, बसून पुन्हा वाचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून निघाला. मी येते म्हटलं तर म्हणाला, मी केलंय, मीच निस्तरतो. परत आला तो म्हणाला, बारा तारीख रद्द, सव्वीस ठरली. बाई ओरडल्या का विचारलं तर मान हलवली, काय म्हणाल्या ते सांगेना.

त्यानंतर मात्र गोळी चुकवली नाही. बाईंनी एक बदलून दिली, तिने अंधारी येत नाही म्हणतो. मीठ कमी केलं म्हणून रोज ताटावर तोंड वाकडं केलं, पण जेवला. शेजारच्या दवाखान्यात जाऊन दर दोन दिवसांनी प्रेशर मोजून आला आणि आकडा घरात न लपवता मोठ्याने सांगितला. आज सकाळी एक गोळी घोटभर पाण्याबरोबर घेतली, दुसरी सांगितल्याप्रमाणे ठेवून दिली. आत जाताना मला घड्याळ काढून दिलं आणि म्हणाला, हे सांभाळ. एवढंच. चाळीस वर्षांच्या संसारात याच्याकडून गोड शब्द निघायचा तो असा.

दीड तास म्हणाले होते. त्याहून बराच वेळ झालाय गं. समोरच्या बाकावरच्या बाईंचा मुलगा नंतर आत गेला आणि आधी बाहेर आला. मी नर्सला विचारलं तर म्हणाली, चालू आहे. चालू आहे म्हणजे काय चालू आहे? तू इथे असतीस तर मला आवाजावरून कळलं असतं. मला आता बसवत नाही.

दार उघडलं. त्या डॉक्टरबाईच आल्यात.

ठिणगी, तो जागा झाला. बाई स्वतः सांगायला आल्या, अंगावर अजून ते हिरवे कपडे. त्याला नाव विचारलं, सांगितलं. दोन्ही पाय हलवले. माझं नाव विचारलं तेही बरोबर सांगितलं, वर म्हणाला, ती बाहेर चिडून बसली असेल. मी बाईंचे हात धरले आणि सोडेनाच. त्या तशाच उभ्या राहिल्या.

तुझी मामी


१८ एप्रिल

चि. ठिणगीस अनेक अनेक आशीर्वाद.

आधी हाताचं सांगतो. अजून झोळीतच आहे, व्यायाम करवणारी मुलगी रोज येऊन छळते. तिच्या हाताने तो वर जातो, माझ्या हुकमाने जायला अजून महिने आहेत म्हणाली. पण जाईल म्हणाली. तेवढं मला पुरे.

आता तुझ्याशी बोलायचं ते. तू मामीला सांगितलंस म्हणून मी चिडलो होतो. ज्या पोरीला मी पाना धरायला शिकवलं ती माझी चहाडी करते, असं वाटलं. ते चूक होतं. सोनारानेच कान टोचावे लागतात, आणि तू ते वेळेत टोचलेस. तू नुसती रागावली असतीस तर मी ऐकलं नसतं. पण "तुम्ही मला ओळखणार नाही" हे वाक्य वाचलं आणि खाली बसून पत्र पहिल्यापासून पुन्हा वाचलं.

त्या बाईंकडे गेलो तेव्हा दारातच ठरवलं होतं की सगळं एका दमात सांगायचं. टायर, पासिंग, पंक्चरवाला, सगळं सांगितलं. वाटलं आता फाडून खातील. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "सांगितलंत, फार उपकार झाले." मी चोरासारखा उभा आणि त्या माझेच उपकार मानतायत. ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. घरी येऊन मामीला हे सांगताच येईना.

ऑपरेशनचं मला काय कळणार, मी झोपलेला. पण टाके बघायला सर्जन आला तेव्हा त्याने हसत हसत सांगितलं. मला खुर्चीत बसवलं आणि दाब घसरायला लागला. बाई म्हणाल्या, थांबा. मला पुन्हा थोडं आडवं केलं, औषध दिलं, वर आणलं, मग हळूहळू बसवलं. काम सुरू झालं तर आत रक्त फार दिसायला लागलं. सर्जन म्हणाला, जरा उतरवा. बाई म्हणाल्या, थोडा उतरवते, पण या माणसाचा नेहमीचा एकशे बावन्न आहे, मी म्हणेन त्याच्या खाली जाणार नाही. सर्जनने दोनदा सांगून पाहिलं, त्या हलल्या नाहीत. मग तो थांबत थांबत, धुऊन धुऊन काम करत राहिला. म्हणून वेळ लागला. तुझी मामी बाहेर बाकावर जो वेळ जीव मुठीत धरून बसली होती, तो सगळा वेळ ती बाई आत माझ्यासाठी भांडत होती.

मी सर्जनला विचारलं, आणि एकशे अठराच खरे धरले असते तर? तो हसायचा थांबला. म्हणाला, तर मी मागितलं तेवढं त्यांनी उतरवलं असतं.

परवा त्यांचे आभार मानायला गेलो. त्या घाईत होत्या, चेहऱ्यावरून ओळखेनात. मी म्हटलं, खांदा, एकशे बावन्न. लगेच खुलल्या. मी काय देणार, मी म्हटलं तुमच्या गाडीला जन्मात कधी काही झालं तर फक्त निरोप पाठवा. म्हणाल्या, मी बसने येते. मग दोघंही हसलो. मी म्हटलं, बाई, सर्जनने माझा हात दिला, पण हात ज्याला आहे तो माणूस तुम्ही राखलात. त्या म्हणाल्या, असं आम्हाला कुणी सांगायला येत नाही. शुद्धीवर आलं की आम्ही कुणाला आठवत नाही. मला ते लागलं. तुझ्या मागे हात धुऊन लागून मी तुला डॉक्टर हो म्हटलं होतं, आणि एवढ्या वर्षांत तुझं काम काय असतं ते एकदाही विचारलं नाही. तुलाही कुणी सांगायला येत नसेल. म्हणून मी सांगतो. पोरी, तू ज्यांच्या डोक्याशी बसलीस आणि ज्यांना तू आठवत नाहीस, त्या सगळ्यांच्या वतीने, तुझे उपकार.

तुझा
मामा


२ मे

ती. मामा,
साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र मी हॉस्पिटलच्या जिन्यात उभी राहून वाचलं. तिथून माझे सहकारी जात होते आणि मी रडत होते, दोन-तीन जणांनी विचारलं कुणी गेलं का. मी म्हटलं, नाही, माझे मामा आहेत.

तुमच्या डॉक्टरबाईंशी गेल्या आठवड्यात बोलले. शाबासकी द्यायची राहिली होती ना. त्या म्हणाल्या, एक गोष्ट त्यांनी तुम्हाला सांगितली नव्हती. तुम्ही कबुली देऊन गेलात, त्यानंतर चांगला आकडा आला की त्या खूश होत नाहीत. पेशंटला विचारतात, आज पास व्हायला काही खास केलंत का? बहुतेक जण नाही म्हणतात. काही जण खाली बघतात.

मीही विचारायला लागले. आज सकाळी माझ्यासमोर एक मुख्याध्यापिका होत्या, याच खांद्याच्या ऑपरेशनसाठी. नीटनेटक्या, करारी, आकडा अगदी बघत राहावा असा. मी विचारलं. त्यांनी आधी दाराकडे पाहिलं, मग हळूच सांगितलं की नवऱ्याच्या डबीतल्या दोन गोळ्या घेऊन आल्यात.

मी त्यांचं ऑपरेशन पुढे ढकललं. त्या भयंकर चिडल्यात. मी नवीन आहे आणि घाबरट आहे असं त्यांनी बाहेर जाऊन नवऱ्याला सांगितलं, मला ऐकू आलं. माझं त्या ऐकणार नाहीत. मामा, तुमचं पत्र आलं तर वाचाल का, असं मी त्यांना विचारलंय आणि त्यांनी कुरकुरत का होईना, हो म्हटलंय. तुम्ही त्यांना एक पत्र लिहाल?

तुमची
ठिणगी